निरोगी गिऱ्हाईक

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला निदान एक तरी गोळी चालू असावी, असा आमच्या नांदेडात अलिखित नियम आहे. सकाळी गोवर्धन घाटाकडं फिरायला जाणारं आमचं टोळकं रामराम-नमस्कारात वेळ घालवत नाही, थेट आकड्यांवर येतं. "फास्टिंग 140." "बरंय की. माझी 160च्या खाली यायलीच नाही." मग बीपीवाले बोलतात, त्यांच्या मागून थायरॉईडवाले. स्टेंट बसलेले फारसे बोलत नाहीत, त्यांना बोलायची गरजच नसते. कट्ट्यावर बसायची वेळ आली की सावलीतली जागा त्यांना आपोआप मिळते.

मला काहीच होत नाही. "तुम्हाला काय चालू आहे?" या प्रश्नाला "काही नाही" असं उत्तर दिलं की मंडळी एकमेकांकडं बघतात. मग एखादा सुस्कारा टाकून म्हणतो, "तपासलं नसंल." माझ्या बरोबरीनं पाटबंधारे खात्यात चिकटलेला एक सहकारी तर माझ्याकडं अशा नजरेनं बघतो, की मी आजारपणाची रजा कशाच्या जोरावर घेतो हे त्याला आजच कळलं असावं.

शेवटी डॉक्टर लेन गाठली. नांदेडात डॉक्टरांचा अख्खा रस्ताच आहे. हिंगोली-परभणीकडून, इकडं पार आदिलाबाद-निजामाबादहून माणसं तिथं येतात. एवढ्या लांबून येऊन कुणी रिकाम्या हातानं परत जात नाही. तो मान मला मिळाला.

"काय होतंय?"

"काही नाही."

"मग?"

"काही होऊ नये म्हणून काहीतरी द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला. भूक लागते का, झोप येते का, जिना चढता येतो का, असं विचारलं, रक्त-लघवी तपासली आणि म्हणाले, "शाकाहारी असाल तर बी-12 बघावं लागतं, ते दूध, अंडी, मटण-मासळी असल्या प्राण्यांकडच्या खाण्यातूनच मिळतं. तुमचं ठीक आहे. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिड द्यावंच लागतं. ज्याच्यात जे कमी आहे, त्याला ते द्यायचं. तुमच्यात काही कमी नाही."

"तुमच्यात काही कमी नाही" हे वाक्य लग्नानंतर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी येऊन बायकोला तसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "काहीच लिहून दिलं नाही? मग फी कशाची घेतली?"

इथं माझ्या धाकट्या मेव्हण्याचा प्रवेश होतो. हा लातूरला असतो. मराठवाड्यात जी जी लाट आली, तिच्यात हा पहिल्यांदा उतरला आणि शेवटी बाहेर निघाला. इमू आले तेव्हा त्याच्याकडं इमू होते. कडकनाथ आला तेव्हा कडकनाथ. मधे एकदा सासऱ्यांच्या विहिरीत मोती पिकवायचं चाललं होतं, ते सासऱ्यांनी वेळीच हाणून पाडलं. आता तो आरोग्यात आहे.

"दाजी, तुम्ही आमच्यासाठी एक नंबर माणूस हाव," तो म्हणाला.

"पण मला काही होत नाही रे."

"म्हणूनच की! आजारी माणूस लई वाईट गिऱ्हाईक. महिनाभरात बरा झाला नाही तर डबा घेऊन दारात येतो, पैसे परत द्या म्हणतो. निरोगी माणसाला काय, तो आधीबी निरोगी, नंतरबी निरोगी. तक्रारच नाही!"

या धंद्यावर इतकं स्वच्छ भाष्य मी आजवर ऐकलेलं नाही. त्यात माझाच कापला जाणारा खिसा होता, हे बाजूला ठेवलं तरी दाद द्यावी लागते.

त्यानं मला लातूरला एका मंगल कार्यालयात सेमिनारला नेलं. व्यासपीठावर टाय लावलेले सुवर्ण, प्लॅटिनम आणि हिरा दर्जाचे लोक बसले होते. त्यातल्या हिऱ्यानं माईक हातात घेऊन विचारलं, "इथं किती जण आजारी आहेत? हात वर करा." कुणीच हात वर केला नाही. "बघा!" तो ओरडला, "कुणालाच माहीत नाही!" टाळ्या. माझ्या शेजारचे गृहस्थ तेवढ्यात दोन्ही हातांनी आपली नाडी बघू लागले.

2021 साली केंद्र सरकारनं थेट विक्रीचे नियम केले, त्यात नुसती माणसं जोडण्याबद्दल पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे. हे मी मेव्हण्याच्या कानात सांगितलं. "आमचा पिरॅमिड नाही दाजी, आमचं झाड आहे," म्हणत त्यानं लगेच कागदावर काढून दाखवलं. वर एक माणूस, त्याच्याखाली दोन, त्यांच्याखाली चार, आठ, सोळा. झाडाची सावली पडायची ती सगळी वरच्या एकट्यावर पडत होती. मी खालून दुसऱ्या फांदीवर बसलो.

येताना पिशवीत मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, ओमेगा-3, केसांसाठी बायोटिन, शेवग्याच्या पाल्याच्या कॅप्सुली आणि प्रोटीनचा डबा होता. आमच्या परसात शेवग्याचं झाड आहे. त्याचा पाला रोज सकाळी बायको झाडून, गोळा करून घंटागाडीत टाकते.

एवढ्या गोळ्या विकत घेता येतात, पण खाणं हे पूर्णवेळ काम आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. लोहाच्या आगेमागे चहा चालत नाही. ओमेगा-3 तुपातेलाच्या जेवणाबरोबरच. प्रोटीन व्यायामानंतर. मी व्यायाम करत नसल्यामुळं ते नेमकं कधी घ्यायचं यावर घरात बराच खल झाला आणि कपाटावरचा माळा साफ केल्यावर घ्यावं असं ठरलं. बायकोनं फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. ते एसटी स्टँडवरच्या फलकासारखंच होतं. वेळा सगळ्या लिहिलेल्या, आणि त्या वेळेला काहीही सुटत नव्हतं.

पहिला घोळ ओमेगा-3नं केला. ते माशाचं तेल. आई माळकरी. घरात अंडं आलं तर ती जिना धुऊन घेते. कॅप्सुलीची बाटली मी पँटच्या खिशात ठेवायचो, पण ढेकर खिशात ठेवता येत नाही. संध्याकाळी आई हरिपाठाला बसलेली आणि मी मागं टाळ धरून. तेवढ्यात तो आला. आईनं डोळे उघडले. नाक वर करून चारी दिशांना फिरवलं. "सूनबाई, कपाटामागं बघ गं. काहीतरी मेलंय." बायकोनं कपाट सरकवलं, पलंग सरकवला, गॅसची टाकी काढली. मी टाळ वाजवत राहिलो, कारण तोंड उघडायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी आईच्या सांगण्यावरून उंदराचा पिंजरा आला, तो अजून तिथंच आहे. त्यात एकही उंदीर सापडलेला नाही, याचं आईला फार नवल वाटतं.

दुसरा घोळ मोरीत झाला. मल्टिव्हिटॅमिन सुरू झालं आणि लघवी पिवळीधमक! हळद कालवल्यागत, जवळजवळ चमकणारी. मी ओरडलो. बायको धावत आली. कावीळ! शेजारच्या काकूंनी उसाचा रस सांगितला, समोरच्यांनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला, आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ डोळ्यांत टॉर्च मारून गेले. रसवंतीवर ग्लासामागून ग्लास रिचवल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की गोळीत बी-2 म्हणजे रायबोफ्लेविन आहे, आणि शरीराला लागतं तेवढं ठेवून उरलेलं ते त्याच रंगात बाहेर टाकतं. म्हणजे मी दर महिन्याला जे पैसे मोजत होतो, ते रोज सकाळी पाणी ओतून वाहून जाताना बघत होतो. बी आणि सी ही जीवनसत्त्वं निदान एवढी तरी प्रामाणिक आहेत, नको असली की निघून जातात. ए आणि डी शरीरातच मुक्काम ठोकतात. समोरच्या घरचे काका तर डी-3ची 60,000 युनिटची पुडी, जी बहुतेकांना आठवड्यातून एकदा सांगतात, ती रोज दुधात घालून घ्यायचे, "आठवडाभर कोण थांबतंय" म्हणून. त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढलं, की मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडं न्यावं लागलं. आता आमच्या कट्ट्यावर त्यांना सावलीतली जागा आहे.

या डी-3चं मला खरंच हसू येतं. मे महिन्यात आमच्याकडं पारा 44च्या पलीकडं जातो. सूर्य फुकट, मुबलक आणि घरपोच. आणि आम्ही काय करतो? स्कूटीवरची पोरगी सनकोट, हातमोजे, डोक्याला-तोंडाला स्कार्फ, त्यावर गॉगल घालून अशी निघते, की सख्खा बापही तिला गाडीच्या नंबरवरूनच ओळखतो. पुरुष दिवसभर कूलरसमोर. संध्याकाळी ऊन उतरलं, की सगळे मिळून मेडिकलवर डी-3 घ्यायला.

तिसऱ्या प्रकरणाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. बायकोच्या समाधानासाठी पुन्हा रक्त तपासलं आणि रिपोर्टमधे थायरॉईड बिघडलेलं निघालं! टीएसएच खाली, टी-4 वर. मला इतका आनंद आजवर फक्त पोराच्या दहावीला झाला होता. दुसऱ्या दिवशी घाटावर मी मुद्दाम उशिरा पोचलो.

"काय सर, उशीर?"

"काही नाही हो. जरा थायरॉईडचं बघायलोत."

शांतता. मग सगळे सरकले आणि कट्ट्यावर माझ्यासाठी जागा झाली. एकानं भावाच्या थायरॉईडची हकिकत सांगितली, दुसऱ्यानं हैदराबादच्या डॉक्टरचा नंबर दिला. तिसऱ्यानं कोबी खाऊ नका म्हणून बजावलं. मधुमेहाच्या बुजुर्गांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. काही दिवस मी माणसांत होतो.

डॉक्टरांनी सगळं घालवलं. "काय काय खाता?" म्हणाले. मी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यांनी केसांची बाटली उचलली. "बायोटिन. रोजची गरज काही मायक्रोग्रॅमची, यात 10 मिलिग्रॅम आहे. हे रक्तात असलं की काही तपासण्या चकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 सालीच तसा इशारा दिलाय. बंद करा आणि पुन्हा तपासा." बंद केलं. तपासलं. थायरॉईड ठणठणीत. घाटावर मी ही बातमी बरेच दिवस दाबून ठेवली, पण लॅबमधल्या पोराचे वडील आमच्यातच फिरतात.

तरी मेव्हणा हटेना. त्यानं लायनस पॉलिंग काढला. दोन नोबेल मिळवलेला माणूस, 1970 साली सर्दी आणि सी जीवनसत्त्वावर पुस्तक लिहिलं, स्वतः दिवसाला कित्येक ग्रॅम खायचा आणि 93 वर्षं जगला. "93, दाजी!" मी म्हणालो, "आमचे आजोबा तंबाखू मळून 96 वर्षं जगले. एजन्सी घेतोस का?" पुढं झालेल्या चाचण्यांत साध्या माणसांची सर्दी सी जीवनसत्त्वानं टळत नाही असंच निघालं, रोज नेमानं घेतलं तर ती थोडी लवकर आवरते, एवढंच. फिनलंडमधे 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, 1994 साली निकाल आला, तर बीटा-कॅरोटीन खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत 25,871 लोकांना पाचेक वर्षं डी जीवनसत्त्व नाहीतर माशाचं तेल नाहीतर नुसत्याच गोळ्या देऊन बघितलं. 2018 साली कळलं, की धडधाकट माणसाचा कॅन्सर किंवा हार्ट ॲटॅक टाळण्यात डी आणि कोऱ्या गोळ्या यांच्यात म्हणण्यासारखा फरक नाही. मेव्हण्याच्या बाजूचं एक खरं होतं: साठी ओलांडलेल्यांची स्मरणशक्ती मल्टिव्हिटॅमिननं किंचित सुधारल्याचं अलीकडं एका अमेरिकन चाचणीत दिसलंय. हे तो वाचूनही आला होता, पण ऐनवेळी त्याला ते आठवलं नाही.

आमचा मराठवाडा 1948 साली निजामाच्या हातून सुटला, पण खाण्याच्या बाबतीत अजून हैदराबादचंच ऐकावं लागतं. राष्ट्रीय पोषण संस्था तिथंच. ती मूळची तमिळनाडूतल्या कुन्नूरची. 1918 साली रॉबर्ट मॅकॅरिसन नावाच्या लष्करी डॉक्टरानं सुरू केलेली, 1958 साली हैदराबादला आली. या मॅकॅरिसननं उंदरांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांतली जेवणं वाढली होती. सगळ्यांत धष्टपुष्ट निघाले ते शीख जेवणावरचे उंदीर. कणकेची रोटी, लोणी, दूध, डाळी, भाज्या, क्वचित मटण. आणि गरीब इंग्रजी घरातलं जेवण, म्हणजे पांढरा पाव, मार्गारिन, जॅम, डब्यातलं मटण आणि साखरेचा चहा, ज्यांना मिळालं ते उंदीर खंगले, चिडके झाले, नोकरांना चावायला लागले आणि साठाव्या दिवसापासून आपल्यातल्याच अशक्तांना मारून खाऊ लागले. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या आमच्या हपिसातल्या बढतीच्या यादीचं कोडं मला तेव्हा उलगडलं.

आणि ते शीख जेवण आमच्या नांदेडात रोज, फुकट, मांडी घालून मिळतं! हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात रोटी, डाळ, भाजी. घरापासून रिक्षानं काही मिनिटांवर. तिथं पंगतीत माझ्या शेजारी मी अनेकदा आमच्या घाटावरची मंडळी बघितली आहेत. दोनदा डाळ मागून घेतात, जेवण झालं की खिशातून डबी काढतात, मल्टिव्हिटॅमिन टाकतात, वर पाणी. "इथलं जेवण चांगलंय, पण कसं, सगळंच मिळंल याची गॅरंटी नाही."

त्याच हैदराबादच्या संस्थेनं 2024 साली भारतीयांसाठी आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं छापली. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा, असं सरळ म्हटलंय. 65 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 54 ग्रॅम प्रोटीन पुरतं, आणि डाळ-भाकरी-दूध खाणाऱ्याचं ते भागतं. हे मी मेव्हण्याला सांगितलं ते येळवसेला. वेळ अमावास्या म्हणजे लातूर जिल्ह्याचा खरा सण. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यागत शुकशुकाट असतो, गंजगोलाईत कुत्रंसुद्धा दिसत नाही, अख्खं गाव शेतात. सासऱ्यांचं शेत औसा तालुक्यात. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, डेऱ्यात आंबिल आणि पातेलंभर भज्जी. या भज्जीत काय नसतं? तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, गाजर, वांगं, चिंच, बेसन. शिवारात जे उभं आहे ते सगळं. सोबत बाजरीचे उंडे.

मेव्हण्यानं त्या गर्दीत प्रोटीनचा डबा उघडला. पाहुण्यांना नमुना म्हणून. सासऱ्यांनी चिमूटभर तळहातावर घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं.

"ही कशाची?"

"सोया प्रोटीन आयसोलेट, अण्णा."

"सोयाबीनचीच का?"

"हाव. तेल काढून राहतं त्यातलं."

"म्हंजे पेंड," सासरे म्हणाले. "आपली म्हैस रोज खाती."

"म्हशीची तब्येत बघा की अण्णा!" मेव्हणा लगेच म्हणाला. विक्रेता म्हणून तो खरंच वाया गेलेला नाही.

सासऱ्यांनी डब्याची किंमत वाचली. 2024च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना त्यांनी लातूरच्या मार्केटात त्याच्या कितीतरी खाली माल घातलेला. म्हणजे किलोला चाळीस-बेचाळीस रुपये, आणि त्या किलोत एक तृतीयांशाच्या वर निव्वळ प्रोटीन. तेच प्रोटीन आता डब्यात बसून, वर एका उघड्याबंब पैलवानाचं चित्र लावून, दोन हजाराच्या पुढं होतं. अण्णांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. चष्म्याशिवाय त्यांना जे मोठं अक्षर दिसलं, ते माझ्याकडून वाचून घेतलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2016च्या नियमांप्रमाणं असल्या डब्यावर छापावंच लागतं ते: औषधी वापरासाठी नाही.

"औषध नाही म्हंतंय," अण्णा म्हणाले. "जेवण आहे का?"

"जेवणाच्या ऐवजी घ्यायचं नाही, असंबी लिहिलंय," मी खालची ओळ वाचली.

"मग हाय काय?"

यावर मेव्हण्यापाशी उत्तर नव्हतं. तो भज्जीकडं वळला. एक वाटी संपवली, दुसरी घेतली. तिसरीच्या मध्यावर त्याचा हात थांबला, आणि डोळ्यांत मला इमूच्या वेळी दिसलेली ती चमक दिसली. मला कोपीच्या मागं घेऊन गेला.

"दाजी, ह्या भज्जीत डाळी हायेत, पाला हाय, दाणे हायेत. वाळवून पावडर केली तर? डब्यात भरायची. वर पांडवांचं चित्र. पुण्या-मुंबईत लातूरचे लई लोक हायेत, अमेरिकेतबी हायेत. येळवस बाराही महिने!"

मी नाही म्हणायच्या आधी मनातल्या मनात गुणाकार करून बसलो होतो.

"पण धडधाकट माणसाला त्याचा फायदा होईल का रे?"

"होईल की," तो म्हणाला. "आपण दोघंबी धडधाकटच हाव."